आपल्यापुरती स्वच्छता

सहलीच्या आदल्या संध्याकाळी सिस्टरांनी पलंगावर जे सामान मांडलं होतं, ते पाहून कुणालाही वाटलं असतं की या बाई समुद्रावर नव्हे, साथीच्या रोगाच्या छावणीत निघाल्या आहेत. हातमोज्यांचं एक खोकं, ओल्या रुमालांची सहा पाकिटं, स्पिरिटच्या दोन बाटल्या, आणि निळ्या प्लास्टिकच्या पायपिशव्यांचा अख्खा गठ्ठा. ऑपरेशन थिएटरात शिरताना बुटांवर चढवतात ना, त्याच या पायपिशव्या. अर्थात त्या स्वतःच्या पैशांनी आणलेल्या होत्या. दवाखान्यातली साधी टाचणीसुद्धा सिस्टरांनी कधी घरी आणली नव्हती.

सिस्टर म्हणजे एका मोठ्या दवाखान्यातल्या ऑपरेशन थिएटरच्या मुख्य परिचारिका. बावीस वर्षं त्यांनी ते थिएटर असं ठेवलं होतं की तिथल्या फरशीवर सांडलेलं उचलून खावं. दवाखान्यात सगळे त्यांना सिस्टर म्हणत आणि घरीही तेच नाव पडलं होतं. यजमानसुद्धा सिस्टरच म्हणत. एरवी चेष्टेनं, आणि भांडण झालेलं असेल तेव्हा जरा जपून.

"एवढ्या पायपिशव्या कशाला?" यजमानांनी विचारलं.

"रस्त्यातली स्वच्छतागृहं तुम्ही बघितलीत का बायकांची? नसतील बघितली. मग बोलू नका."

ती स्वच्छतागृहं कशी असतात हे बाईच्या जातीला सांगावं लागत नाही. वाचकहो, तुमच्यापैकी ज्या बायका आहेत त्या आत्ता हे वाचतानाच नाक मुरडत असतील!

घरात आणखी तिघीजणी होत्या. एक लेक, नुकतीच कॉलेजात गेलेली. एक सासूबाई, ज्यांना सगळे आजी म्हणत. आजींनी बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत एकतीस वर्षं काढली होती आणि अजूनही त्या चहा मागायच्या तो ध्वनिक्षेपकावरून गाडी सुटल्याची सूचना द्यावी तशा आवाजात. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे हातात काठी आणि उकिडवं बसणं कायमचं बंद. तिसरी म्हणजे पाहुणी. विद्यार्थी अदलाबदलीच्या योजनेतून ती दूरच्या देशातून दहा महिन्यांसाठी आली होती. चार महिने झाले होते, भाषा बऱ्यापैकी जमली होती, आणि लेकीचं नि तिचं तर असं गूळपीठ जमलं होतं की एकीला ठेच लागली तर दुसरी 'आई गं' म्हणायची. पुढच्या वर्षी लेक पाहुणीच्या घरी जाऊन राहणार होती.

सिस्टरांचंही पाहुणीवर प्रेम होतं. फक्त तिच्या सवयी त्यांना सोसवत नसत. जमिनीवर ठेवलेली पाठपिशवी ती टेबलावर ठेवायची. खाली पडलेलं बिस्किट फुंकर मारून तोंडात टाकायची. "शी!" सिस्टर ओरडायच्या. पाहुणी हसून म्हणायची, "चुकलं, काकू." आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. यजमान चालवत होते, शेजारी सिस्टर, मागे दोन्ही मुलींच्या मध्ये आजी. तीन तासांनी पहिला थांबा आला, एक पेट्रोलपंप. पंपाच्या मागे बायकांसाठी चार खोल्या होत्या. तीन उकिडवं बसायच्या आणि एक खुर्चीसारखी, कमोडची. सिस्टरांनी आधी सगळ्यांना थांबवलं. "मी बघून येते. तोवर कुणी कुठं हात लावू नका."

पहिल्या तीन खोल्यांत घोट्यापर्यंत पाणी साचलेलं आणि त्या पाण्यावर तरंगणारं काय काय. चौथ्या खोलीचं दार सिस्टरांनी कोपरानं ढकललं. आतून असा भपकारा आला की बावीस वर्षं रक्तामांसात काढलेल्या त्या बाईनंही नाक दाबलं. कमोडच्या कडेवर पिवळे डाग, मातीच्या पावलांचे ठसे, कोपऱ्यातली कचऱ्याची बादली ओसंडून वाहणारी, तिच्याभोवती माशा. "माणसं आहेत की जनावरं!" सिस्टर पुटपुटल्या. "जनावरंसुद्धा बरी."

आता पुढचं सांगायचं तर मलाच किळस येते, पण ते टाळून ही गोष्ट सांगता येणार नाही. सिस्टरांनी बुटांवर निळ्या पायपिशव्या चढवल्या, हातमोजे घातले, आणि त्या सरळ कमोडवर चढून दोन्ही पाय कडेवर ठेवून बसल्या. काम झाल्यावर पायपिशव्या ओल्या रुमालात धरून काढल्या. त्या माशांच्या बादलीजवळ कोण जाणार? टाकल्या कमोडातच. आणि फ्लशची दांडी? तिला तर हजार जणींचे हात लागलेले! सिस्टर तशाच बाहेर आल्या. गाडीपाशी जाऊन त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि वर स्पिरिट चोळलं. आपण अंगाला घाणीचा कणही लागू दिला नाही याचं त्यांना समाधान वाटलं. स्वतः स्वच्छ राहायला जे जे लागतं ते सगळं त्यांनी केलं होतं. मागे काय ठेवून आलो, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही.

"कुणी जाऊ नका," त्यांनी जाहीर केलं. "ओकारी येईल."

आजी काठीवर रेलून उभ्या होत्या. "मला तशी घाई नाही," त्या म्हणाल्या, पण त्यांची नजर त्या चौथ्या दाराकडेच होती. पाहुणीनं ती नजर पाहिली. "मी बघून येते," म्हणून ती आत गेली, ती बारा मिनिटं बाहेरच आली नाही. मध्येच आजीही "जरा तोंड धुऊन येते" म्हणत त्याच बाजूला गेल्या.

सिस्टरांना गाडीपाशी उभ्या उभ्या जे दिसलं ते असं. पाहुणीच्या दोन्ही बाह्या कोपरावर सरकवलेल्या, हातात तिथलाच घासायचा ब्रश, आणि ती नळाखाली तो ब्रश धूत होती!

"तू त्याला हात लावलास?" सिस्टरांचा आवाज चिरकला.

"हो काकू. फार घाण होती. आता बरी आहे."

"तुला कुणी सांगितलं होतं? तू काय तिथली झाडूवाली आहेस?"

सिस्टरांनी तिला तीनदा साबण लावायला लावला, वर स्पिरिट ओतलं. पण त्यांच्या डोळ्यांपुढून तो ब्रश काही हलेना.

पुढे एका झाडाखाली सगळे खायला बसले. पाव, लोणी, उकडलेली अंडी, काकडी. पाहुणीनं नेहमीसारखा पावाच्या डब्याकडे हात नेला, आणि सिस्टरांनी डबा झटकन मागे ओढला. विचार करून नव्हे. हात आपोआप गेला. पाहुणीचा हात तसाच हवेत राहिला.

"तू थांब. मी देते," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी एका कागदावर दोन पाव नि एक अंडं ठेवलं आणि तो कागद चटईवरून तिच्या दिशेनं सरकवला.

"आई," लेक हळूच म्हणाली, "तू तिला वेगळं वाढलंस."

"जंतू माणूस बघत नाहीत. मी रोज शिकवते हे लोकांना."

"तिनं हात धुतलेत. तुझ्यासमोर. तीनदा."

"तू गप्प बस."

यजमान काकडीच्या चकत्या मोजत बसले. घरात तंटा पेटला की या गृहस्थांना भाज्यांबद्दल भलतीच आस्था वाटू लागायची. आजींनी आपलं अंडं अर्धवट ठेवलं आणि बराच वेळ सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मंडळी, जिनं घाण केली ती पाव खात होती आणि जिनं साफ केली ती चटईच्या टोकाला बसली होती! हा देखावा तुम्ही कुठे पाहिल्यासारखा वाटतो का? मला तर रोज दिसतो.

दुपारी दुसरा थांबा, रस्त्यालगतचं एक खाणावळवजा हॉटेल. तिथेही पाहुणी आत गेली आणि लवकर बाहेर येईना. सिस्टरांनी गाड्यांच्या रांगेमागे जाऊन योजनेच्या संयोजकबाईंना फोन लावला.

"मुलगी गुणी आहे हो, पण सवयी फार घाणेरड्या. मी थिएटरात काम करते, मला हे परवडणारं नाही. तिच्यासाठी दुसरं घर बघा. हो, शक्यतो लवकर. किळस येते हो मला, खरं सांगायचं तर."

फोन ठेवून त्या वळल्या, तर मागे पाहुणी उभी. हात ओले, बाह्या सरकवलेल्या. किती वेळ उभी होती कोण जाणे. 'किळस' हा शब्द तिला येत होता. चार महिन्यांपूर्वी सिस्टरांनीच शिकवला होता.

क्षणभर सिस्टरांना अवघडल्यासारखं झालं. पण अवघडलेल्या माणसाला रागाचा आधार बरा वाटतो. "यापुढे माझ्या घरात असेपर्यंत कुठल्याही संडासात ब्रशला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं, काकू," पाहुणी म्हणाली.

समुद्रावर दोन दिवस गेले. पाणी, वाळू, फोटो, सगळं यथासांग झालं. पाहुणी लेकीबरोबर पोहली, आजींना धरून लाटांपर्यंत घेऊन गेली, पण जेवायला बसताना मात्र आपण होऊन टेबलाच्या टोकाची खुर्ची घ्यायची. सिस्टर ते पाहायच्या आणि न पाहिल्यासारखं करायच्या. शेवटच्या दिवशी संयोजकबाईंचा निरोप आला. दुसरं कुटुंब तयार आहे, परतीच्या संध्याकाळीच मी येऊन मुलीला तिकडे घेऊन जाते. लेकीला हे कळलं तेव्हापासून तिनं आईशी बोलणं टाकलं.

परतीच्या दिवशी ऊन रणरणत होतं. आजी सकाळपासून पाणी पीत नव्हत्या.

"आई, घोटभर तरी घ्या," सिस्टर म्हणाल्या.

"नको गं. तहान नाही."

पण निघताना दोन कप चहा झाला होता, आणि वय काही कुणाचं ऐकत नाही. तासाभरानं आजींची चुळबुळ सुरू झाली. दोन तासांनी त्यांनी डोळे मिटून काठी घट्ट धरली. पाहुणीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. मधल्या एका थांब्यावर यजमानांनी गाडी हळू केली, तर सिस्टर म्हणाल्या, "इथलं काय स्वच्छ असणार! पुढे चला." पुढे म्हणजे तोच पेट्रोलपंप.

गाडी थांबताच सिस्टर आपली पिशवी घेऊन पहिल्या उतरल्या. पुन्हा तेच चौथं दार, तेच निळे पाय, तीच चढाई. पायपिशव्या पुन्हा कमोडात. फ्लशला हात नाही. सिस्टर बाहेर येऊन नळावर हात धुऊ लागल्या. त्यांच्यामागे एक बाई आत गेली. तिनं बिचारीनं फ्लश ओढला, आणि लगेच किंचाळत बाहेर आली. आतलं सगळं पाणी वर चढून कडेवरून सांडत होतं, आणि नुसतं पाणी नव्हतं. दाराबाहेर पिवळट ओघळ आला. रांगेतल्या बायका नाकावर हात धरून मागे सरल्या.

सफाईवाल्या बाई धावत आल्या. पन्नाशीच्या असतील, रबरी बूट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. त्यांनी आधी पाण्याचा नळ बंद केला, मग लांब तारेचा आकडा आत घातला, दोनदा फिरवला, ओढला. आकड्याला लटकत बाहेर आली ती एक निळी पायपिशवी. निथळत होती, आणि तिच्यावर काय चिकटलं होतं ते मी लिहीत नाही.

"हे बघा!" त्या रांगेला दाखवत म्हणाल्या. "परवा तेरवा पण असली एक जोडी बादलीत मिळाली मला, कुणीतरी उचलून ठेवलेली. माणसं अशी का करतात हो?"

"कोण असली घाणेरडी बाई असेल!" रांगेतली एकजण म्हणाली.

"घरी पण अशीच राहत असेल," दुसरी म्हणाली.

सिस्टर नळापाशी उभ्या होत्या. त्यांच्या पिशवीतून निळ्या पायपिशव्यांचा गठ्ठा अर्धा बाहेर डोकावत होता. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच पिशवीची चेन ओढून घेतली. बावीस वर्षांत ज्यांनी कुणासमोर मान खाली घातली नव्हती, त्या बाईनं चोरासारखी चेन ओढली! कुणाला कळलं नाही. फक्त लेक चार हातांवर उभी होती. तिनं पाहिलं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. आजी पाहुणीच्या खांद्यावर हात टाकून घाईघाईनं येत होत्या. चेहरा पांढरा पडला होता.

"उघडा हो बाई. मला थांबवत नाही."

"तुंबलंय आजी. अर्धा तास तरी लागेल. त्या तीन खोल्यांपैकी एकीत जा."

आजींनी उघड्या दारातून आत पाहिलं. साचलेलं पाणी, निसरडी फरशी, आणि खाली बसायचं. त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "मला नाही बसता येत गं तिथं," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की ज्या बाईनं एकतीस वर्षं अख्खं बसस्थानक गाजवलं ती हीच का, असं वाटावं.

आणि मग त्यांचा धीर सुटला. तिथेच, रांगेसमोर, भर दुपारी. कपडे ओले झाले, चपला ओल्या झाल्या. आजींनी डोळे मिटून घेतले. रांगेतली एक बाई पाय आखडून बाजूला झाली आणि तिच्या तोंडून निघालं, "शी!"

तो शब्द सिस्टरांच्या कानात गरम तेलासारखा शिरला.

पाहुणी मात्र 'शी' म्हणाली नाही. तिनं अंगातलं जाकीट काढून आजींच्या कमरेला बांधलं, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चला आजी. गाडीत दुसरे कपडे आहेत. मीच भरलेत." मग तिनं सिस्टरांकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर सिस्टरांना बरं वाटलं असतं.

गाडीच्या आडोशाला दोन्ही मुलींनी चादर धरली आणि सिस्टरांनी सासूबाईंचे कपडे बदलले.

"आई, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगू?" आजींचा आवाज परत आला होता. "मला कमोड लागतो, आणि तो स्वच्छ लागतो, कारण मी तुझ्यासारखी त्यावर चढू शकत नाही. मला बसावं लागतं त्याच्यावर, माझ्या म्हाताऱ्या कातडीनं! जाताना ही पोरगी प्रत्येक थांब्यावर माझ्याआधी आत जाऊन घासून, धुऊन, पुसून द्यायची. म्हणून मी बसू शकले. मीच तिला म्हटलं होतं, कुणाला सांगू नकोस, मला लाज वाटते. तिनं शब्द पाळला. त्यापायी तू तिला पावाच्या डब्याला हात लावू दिला नाहीस, तरी पाळला."

सिस्टरांच्या हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं.

"आणि त्या पायपिशव्या तुझ्याच ना? मी काय आंधळी आहे?"

"आई, मी फक्त..."

"तू फक्त स्वतःपुरतं बघितलंस. अगं, मी एकतीस वर्षं नोकरीवर पाणी प्यायले नाही. का? तर बसस्थानकातला बायकांचा संडास. मूत्रपिंडाचं दुखणं तिथूनच आणलं मी. मला वाटायचं, वाईट चालीच्या, अडाणी बायका घाण करत असतील. आज कळलं, तुझ्यासारख्या शिकलेल्या, नीटनेटक्यासुद्धा करत असतील. आधीच घाण आहे, मग आपण कशाला हात लावावा, असं प्रत्येकजणच म्हणते, आणि घाण वाढतच जाते. सूनबाई, एक सांगू? तुला घाणीची किळस असती तर तू ती मागे ठेवली नसतीस. तुला किळस आहे ती घाणीला हात लावणाऱ्या माणसाची. आणि ही किळस स्पिरिटनं जात नाही!"

यजमान गाडीच्या पलीकडे पाठ करून उभे होते. तेही न वळता म्हणाले, "आई खरं बोलतेय, सिस्टर. मलाही त्या दिवशी जेवताना दिसत होतं. मी तोंड उघडलं नाही. माझंही चुकलं."

सिस्टर ढसाढसा रडल्या नाहीत. आपल्या थिएटरात नव्या पोरींना त्या पहिल्या दिवशी काय शिकवतात ते त्यांना आठवलं. ज्याच्या हातून सांडलं त्यानंच पुसायचं, मग तो मोठा सर्जन का असेना. ही शिस्त त्यांनी दवाखान्याच्या दारापर्यंत पाळली होती. दाराबाहेरचं जग त्यांच्या लेखी कुणाचंच नव्हतं, म्हणून तिथे काहीही करून चालत होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! स्वतःचीच इतकी किळस त्यांना आयुष्यात कधी आली नव्हती.

त्या पिशवी घेऊन स्वच्छतागृहाकडे परत गेल्या. रांग अजून होतीच. सिस्टरांनी निळा गठ्ठा बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

"मघाशी तुम्ही विचारत होता ना, ती घाणेरडी बाई कोण? ती मी."

सफाईवाल्या बाई आकडा हातात धरून बघत राहिल्या.

"तो आकडा द्या," सिस्टर म्हणाल्या. "मी काढते."

"राहू द्या हो बाई. तुमचं काम नाही हे."

"माझंच आहे."

त्यांनी हातमोजे चढवले आणि त्या घाणीत गुडघे टेकले. एक पायपिशवी आधीच निघाली होती, दुसरी नळीच्या वाकणात अडकली होती, आकडा पोचेना. हात घालावा लागला, जवळजवळ कोपरापर्यंत. काय काय हाताला लागलं! दोनदा उमासा आला, दोनदा त्यांनी तो गिळला. ती पिशवी निघाली तसं पाणी घळघळत खाली गेलं. मग त्यांनी कड घासली, फरशी घासली, बादली रिकामी केली, दांडी धुतली. पाऊण तास लागला. सफाईवाल्या बाई शेजारी पाणी ओतत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं आहे मी इथं. पंपावरच्या लोकांनी माझा पेला वेगळा ठेवलाय. नळाशेजारी, खिळ्याला टांगलेला. बोलत कुणी नाही, नुसता टांगलाय." सिस्टरांना चटईवरून सरकवलेला तो कागद आठवला आणि त्यांनी मान वर केली नाही.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. संयोजकबाई फाटकाशी गाडी लावून वाट पाहत होत्या. बैठकीच्या खोलीत सगळे बसले. पाहुणीनं आपली पाठपिशवी पायाशी, जमिनीवर ठेवली होती.

सिस्टरांनी काही लपवलं नाही. पायपिशव्या, फ्लश, पावाचा डबा, फोन, चेन ओढली ते, सगळं त्यांनी एकामागून एक सांगितलं. "घाणेरड्या सवयी या मुलीच्या नाहीत, माझ्या आहेत. मी खोटी तक्रार केली. ती मी मागे घेते." मग त्या पाहुणीकडे वळल्या. "मला माफ कर, बाळ. राहशील का गं आमच्याकडे?"

लेकीनं पाहुणीचा हात घट्ट धरला. वाचकहो, तुम्हाला वाटत असेल, आता पाहुणी सिस्टरांच्या गळ्यात पडेल आणि सगळं गोड होईल. मलाही तसंच लिहायला आवडलं असतं.

पाहुणी एकेक शब्द जुळवत म्हणाली, "काकू, मला राग नाही. आजीवर माझं प्रेम आहे, हिच्यावरसुद्धा. पण तुम्ही डबा मागे ओढलात, तेव्हा मला वाटलं की मीच काहीतरी घाण आहे. मी खोलीत जाऊन हातांचा वास घेत होते. रोज जेवताना मला ते आठवेल. मी त्या दुसऱ्या घरी जाते. इथे भेटायला येईन."

"ये," सिस्टर म्हणाल्या. आणखी आग्रह करायचा आपल्याला हक्क नाही हे त्यांना कळलं. त्यांनी स्वतः तिची पेटी उचलून गाडीपर्यंत नेली.

सोमवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, दवाखान्यातले लोक चकित झाले. सिस्टर आपला डबा घेऊन तळमजल्यावरच्या फडकी-बादल्यांच्या खोलीत गेल्या. तिथे सफाईच्या मावशी बावीस वर्षं एकट्या जेवत होत्या.

"इथं कशाला सिस्टर? वास येतो इथं," मावशी गडबडून उठल्या.

"बसा हो तुम्ही," सिस्टर खाली बसत म्हणाल्या. "आज तुमच्या डब्यातलं काय देणार मला?"

पुढे पुष्कळ काही झालं. बसस्थानकातल्या बायकांच्या स्वच्छतागृहासाठी आजींनी नि सिस्टरांनी अर्ज केले, खेटे घातले, भांडल्या. पाहुणी महिन्यातून दोनदा आजींना भेटायला येऊ लागली. पण जेवायची वेळ झाली की ती काहीतरी कारण काढून उठायची. सिस्टर दर वेळी तिचं ताट वाढून ठेवायच्या आणि दर वेळी ते तसंच उचलायच्या. त्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही.

म्हणून, नागरिकहो, हात जोडून सांगतो. आपण वापरलेली जागा आपल्यानंतर येणाऱ्या माणसासाठी सोडून जायची असते, आणि ते माणूस कुणाची तरी म्हातारी आई असते. स्वतःचं अंग तेवढं स्वच्छ ठेवून घाण मागे टाकणाऱ्याला स्वच्छ म्हणत नाहीत, पळपुटा म्हणतात. आणि जी बाई, जो माणूस ती घाण काढतो, त्याच्यापासून डबा मागे ओढू नका. संडास पाऊण तासात धुऊन निघतो. तो ओढलेला डबा सिस्टरांना अजून परत पुढे करता आलेला नाही.